घरी जोडावयाचा पहिला गेमिंग संगणक : भागांची निवड कशी करावी?

'गेमिंग संगणक' हा शब्द कानावर पडताच बहुतेक पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलगा अभ्यास सोडून खेळात रमणार, अशी धास्ती त्यांना वाटते. दुसरीकडे मुलांना वाटते की, घरच्यांना यातले काही कळतच नाही. या ओढाताणीत खरेदी घाईने उरकली जाते आणि पन्नास-साठ हजार रुपये भलत्याच वस्तूवर खर्च होतात. कळमन्यासारख्या वस्तीत, जेथे कुणी बाजारात हमाली करतो, कुणी अडत्याकडे हिशेब लिहितो, तर कुणी छोटीशी नोकरी करतो, तेथे ही रक्कम म्हणजे पुष्कळदा वर्षभराची बचत असते. ती वाया जाऊ नये, या हेतूने हा लेख सभासद आणि विद्यार्थी या दोघांसाठी लिहिला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. संगणकावरील खेळ आणि पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यातही हा भेद केलेला आहे. पैसे लावण्याच्या खेळांवर त्याने बंदी आणली, तर ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीचे खेळ यांना वेगळे स्थान दिले. शिवाय खेळ बनविणे हा आता आपल्याकडचाही व्यवसाय आहे. भारतीय पुराणकथांच्या वातावरणावर आधारलेला 'राजी' हा खेळ पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केला आणि तो २०२० साली जगभर प्रसिद्ध झाला. ज्या संगणकावर असा खेळ चांगला चालतो, त्याच संगणकावर चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय रेखाटन व प्रोग्रॅमिंगही उत्तम होते. म्हणून अशी खरेदी म्हणजे केवळ चैन, असे समजण्याचे कारण नाही. ती विचारपूर्वक व्हावी एवढेच.

संगणक घरी जोडता येतो, याचेही अनेकांना नवल वाटते. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तो बव्हंशी बाजारात मिळणाऱ्या भागांपासून बनविलेला होता. त्याची तांत्रिक माहितीही खुली होती. त्यामुळे इतर कंपन्या त्याला जुळणारे भाग तयार करू लागल्या आणि आज वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत चपखल बसतात. बाजारातले सुटे भाग जोडून मोठे काम साधण्याचे एक उदाहरण तर आपल्याच मातीतले आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ साली तिने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. एकच अजस्र प्रोसेसर घडविण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्याकडून काम करवून घेणे, हे त्याचे सूत्र होते. या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी नागपुरातच, आज व्हीएनआयटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयात घेतले. आपला घरगुती संगणक अर्थातच फार लहान. पण भाग एकमेकांना साजेसे असावेत, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

हा साजेसेपणाच निवडीचा गाभा आहे. बैलजोडीतला एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा असेल, तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने चालते. संगणकाचेही तसेच आहे. महागड्या एका भागाने तो वेगवान होत नाही, उलट सर्वांत दुबळा भागच त्याचा वेग ठरवितो.

१. प्रारंभ पडद्यापासून

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. वास्तविक प्रारंभ मॉनिटरपासून, म्हणजे पडद्यापासून करावा. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. सर्वसाधारण 'फुल एचडी' पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. 'फोर-के' पडद्यावर ते बरोबर चौपट होतात. खेळ चालू असताना हे सर्व ठिपके दर सेकंदाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने रंगवावे लागतात. पडदा मोठ्या क्षमतेचा घेतला की त्याला पुरे पडणारे ग्राफिक्स कार्डही महाग घ्यावे लागते, हे यावरून लक्षात येईल. पहिल्या संगणकासाठी २४ इंची फुल एचडी पडदा पुरेसा आहे. त्यात सेकंदाला १०० किंवा १४४ वेळा चित्र बदलणारा पडदा मिळाल्यास वेगवान खेळांत हालचाल अधिक सुरळीत दिसते.

२. ग्राफिक्स कार्ड

हे ठिपके रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. गेमिंग संगणकात सर्वाधिक खर्च येथेच होतो आणि तो योग्यही आहे. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक या भागावर जावा, हा ढोबळ हिशेब ठेवावा. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल अशा तीन कंपन्यांच्या चिपवर ही कार्डे बनतात. फुल एचडी पडद्यासाठी एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०, एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी, इंटेलचे आर्क बी५८० ही या वर्गातील नावे होत.

कार्डाची स्वतःची स्मृती वेगळी असते. खेळातील भिंती, झाडे, चेहरे यांची चित्रे तिच्यात साठवली जातात. आरटीएक्स ४०६० आणि ५०६० यांत ती ८ जीबी आहे, तर आर्क बी५८० मध्ये १२ जीबी. नव्या जड खेळांत ८ जीबी अपुरी पडू लागली असल्याने भाव जवळपास सारखा असेल तेव्हा अधिक स्मृतीचा विचार जरूर करावा. मात्र नुसत्या जीबीच्या आकड्यावर भुलू नये. जीटी ७३० हे कार्ड २०१४ सालचे आहे. त्यावर '४ जीबी' असे छापलेले असले, तरी आजच्या जड खेळांसाठी त्याचा उपयोग नाही.

जुनी कार्डे स्वस्तात मिळतात, तेथेही सावध राहावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डावर ते 'खणण्याचे' काम थांबले. त्यानंतर रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. बिल व शिल्लक वॉरंटी असल्याशिवाय आणि प्रत्यक्ष खेळ चालवून पाहिल्याशिवाय जुने कार्ड घेऊ नये.

३. प्रोसेसर आणि मदरबोर्ड

आमच्या भागातील एका मापाऱ्याच्या मुलाने एका दुकानातून कोटेशन आणले होते. बारावीनंतर संगणकशास्त्राकडे जाण्याचा त्याचा विचार होता आणि वडील त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढावयास निघाले होते. कागदावर लिहिले होते : 'आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, गेमिंग कॅबिनेट.' ऐकावयास सारेच भारदस्त. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक मागितला, तेव्हा तो आय-सेव्हन ३७७० निघाला. हा २०१२ सालचा प्रोसेसर आहे. कार्ड वर उल्लेखिलेले जीटी ७३० होते. एसएमपीएसवर ओळखीच्या कंपनीचे नावच नव्हते. म्हणजे पैसे आजचे आणि माल दशकभरापूर्वीचा.

यातून एक नियम शिकावा : 'आय-सेव्हन' किंवा 'रायझन फाइव्ह' हे घराण्याचे नाव झाले, वय त्यापुढच्या आकड्यावरून कळते. इंटेलच्या आय-फाइव्ह १२४०० मध्ये पहिले दोन अंक १२ आहेत, म्हणजे ती बारावी पिढी. ३७७० मध्ये पहिला अंक ३, म्हणजे तिसरी पिढी. बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री देखील तिसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. आणखी एक बाब : विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरना अधिकृतपणे स्वीकारत नाही. क्रमांकाच्या शेवटचे अक्षरही वाचावे. इंटेलमध्ये 'एफ' असेल तर आत ग्राफिक्सची सोय नाही, तेथे वेगळे कार्ड अनिवार्य होते. एएमडीच्या या वर्गातील प्रोसेसरमध्ये 'जी' असेल तर आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स असते.

सहा कोअरचा मध्यम प्रोसेसर पहिल्या संगणकास पुष्कळ झाला. त्याच्यासोबतचा मदरबोर्ड निवडताना तीन जुळण्या पाहाव्यात. पहिली सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर जेथे बसतो त्या खाचेची. एएमडीचे एएम-फोर सॉकेट २०१६ चे, त्याचे आयुष्य उतरणीला लागले आहे. एएम-फाइव्ह २०२२ चे, त्यावर पुढे नवा प्रोसेसर बसविण्यास वाव आहे. दुसरी जुळणी रॅमची : डीडीआर-फोर आणि डीडीआर-फाइव्ह यांच्या खाचा वेगळ्या, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. तिसरी जुळणी आकाराची : बोर्ड आणि कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावली पाहिजे.

४. रॅम आणि साठवण

रॅम किमान १६ जीबी असावी आणि ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्या असल्या की माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. प्रोसेसरमधीलच ग्राफिक्स वापरावयाचे असल्यास याचा फरक विशेष जाणवतो. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर झपाट्याने वाढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून तिला प्रचंड मागणी आली. म्हणून मित्राने मागच्या वर्षी दिलेला भाव धरून अंदाजपत्रक बांधू नये, खरेदीच्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी विचारावे.

साठवणीसाठी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मुख्य म्हणून घेऊ नये. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घ्यावी. मोठे खेळ एकेकटे १०० जीबीपर्यंत जागा व्यापतात, तेव्हा झेपल्यास १ टीबी, नाही तर ५०० जीबी घेऊन दुसऱ्या एसएसडीची खाच मदरबोर्डवर मोकळी ठेवावी.

५. एसएमपीएस आणि वीज

जो भाग डोळ्यांना दिसत नाही, त्यावर लोक पैसे वाचवितात. एसएमपीएस हा तसा भाग आहे. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन प्रत्येक भागाला लागणारा स्थिर दाब पुरविणे, हे त्याचे काम. हलक्या प्रतीचा एसएमपीएस बिघडला तर एकटा जात नाही, मदरबोर्ड व कार्डालाही सोबत नेतो.

हिशेब सोपा आहे. मध्यम प्रोसेसर सुमारे ९० वॅट, आरटीएक्स ५०६० चे कार्ड १४५ वॅट, बाकी सर्व मिळून ५० वॅट. बेरीज २८५. त्यावर पुरेशी राखीव क्षमता धरून ५५० वॅटचा, '८० प्लस' प्रमाणपत्र असलेला, नामांकित कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. या प्रमाणपत्राचा अर्थ असा की, घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज कामी येते, उरलेली उष्णतेत जाते.

घरात अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्यावे. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसरी तार कोठेच जोडलेली नसते. वीज अचानक जाण्याने चालू काम बुडते व एसएसडीवरील माहिती बिघडू शकते, म्हणून यूपीएस हवा. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटच पुरवितो. खेळताना संगणक व पडदा मिळून त्या मर्यादेच्या जवळ जातात, तेव्हा १००० व्हीएच्या आसपासचा घ्यावा. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर असा संगणक चालवू नये.

पालकांना वीजबिलाचीही काळजी असते. पडद्यासह ३०० वॅट धरले आणि रोज ३ तास वापर झाला, तर दिवसाला ०.९ युनिट, महिन्याला २७ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर वरची पायरी लागते. ज्यांचे बिल त्या काठावर आहे, त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

६. नागपूरचा उन्हाळा

परदेशातील सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, याचे मोठे कारण उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. खोलीतील हवा १० अंशांनी तापली की आतील भागही जवळपास तितकेच अधिक तापतात. प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या मर्यादेला पोचला की स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. मग महाग भाग घेऊन उपयोग काय?

यासाठी पुढून बंद काच असलेले दिखाऊ कॅबिनेट टाळावे. पुढे जाळी, पुढून थंड हवा आत ओढणारे दोन पंखे आणि मागून गरम हवा बाहेर टाकणारा एक पंखा, एवढी योजना पुरते. रंगीत दिव्यांचे पैसे या पंख्यांवर खर्च करावेत. कळमन्याला धान्य आणि मिरचीच्या बाजाराची धूळ आहेच, म्हणून धूळ अडविणारी, काढून धुता येणारी जाळी पाहावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी आतील धूळ ब्लोअरने उडवावी. संगणक डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. खोली थंड झाली तर चांगलेच, पण पाण्याचे तुषार आत जाता कामा नयेत. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे आणि बंद टेबलाच्या कप्प्यात तो कोंडू नये.

७. पैसे कसे द्यावेत?

बँकेच्या खिडकीपाशी बसणारा माणूस म्हणून याविषयी थोडे अधिकाराने सांगता येईल. 'शून्य टक्के व्याज' अशी गोष्ट व्यवहारात नसते. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना अशा योजनांबद्दल खडसावले होते. व्याज एक तर वस्तूच्या भावात मिसळलेले असते किंवा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला नाकारून वसूल केलेले असते. समजा ६० हजार रुपये १५ टक्के दराने १२ महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ५,४१५ रुपये येतो आणि परतफेड ६५ हजारांच्या घरात जाते. प्रक्रिया शुल्क वेगळे. म्हणून हप्त्याचा आकडा न विचारता, शेवटी एकूण किती भरावे लागणार, हे विचारावे.

प्रत्येक भागाचे पूर्ण नाव व क्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. बिलाविना दोन-तीन हजार वाचल्यासारखे वाटतात, पण तीन वर्षांची वॉरंटी हातची जाते.

८. दोन टप्प्यांत खरेदी

ज्यांना एकदम सारी रक्कम उभी करणे कठीण आहे, त्यांच्यासाठी घरी जोडलेल्या संगणकाचा खरा फायदा येथे आहे. पहिल्या टप्प्यात रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी सारखा आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, त्याला जुळणारा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, एसएसडी, हवेशीर कॅबिनेट आणि ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस घ्यावा. अभ्यास, प्रोग्रॅमिंग आणि हलके खेळ यावर उत्तम चालतात. वर्ष-दीड वर्षाने बचत झाली की ग्राफिक्स कार्ड तेवढे आणून बसवावे. आधी घेतलेला एकही भाग फेकावा लागत नाही. उपरोक्त मापाऱ्याच्या मुलाने हाच मार्ग धरला, वडिलांनी कर्ज काढले नाही आणि जोडणी त्याने स्वतःच्या हातांनी केली.

जोडणीची भीती बाळगू नये. एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर, मोकळे टेबल आणि अर्धा दिवस लागतो. हात लावण्यापूर्वी धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज काढून टाकावी, कुठलाही भाग जोराने दाबू नये आणि कार्ड बसविल्यानंतर पडद्याची तार मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावावी. पुष्कळांचा पहिला संगणक 'बिघडतो' तो या शेवटच्या तारेमुळे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, कोटेशन हाती आले की पाच प्रश्न विचारा. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक काय? कार्ड कोणत्या सालचे? एसएमपीएस कोणत्या कंपनीचा व किती प्रमाणित वॅटचा? पुढे भर घालण्यास जागा कोठे आहे? आणि पक्क्या बिलासह अखेरचा आकडा किती? जो दुकानदार या पाचही प्रश्नांची उत्तरे लिहून देईल, त्याच्याकडे निःशंक जावे. आणि पालकांना विनंती एवढीच की, मुलाला ही पाच उत्तरे समजावून सांगता येतात का ते पाहा. येत असतील, तर तो मागतो आहे ते खेळणे नव्हे, हे ओळखावे. येत नसतील, तर पैसे महिनाभर बँकेतच राहू द्यावेत आणि त्या महिन्यात त्याला ती शोधू द्यावीत.